शिंदेचं ग्राफिक्स कार्ड आणि आठ दिवसांची मुदत

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्या आम्हा मंडळींच्या गेमिंगमध्ये खेळणं कमी आणि किस्सेच जास्त. नेरूळच्या आमच्या ग्रुपमध्ये आम्ही तिघंच. मी, करंजाडेचा कदम आणि द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर असलेला शिंदे. पण किस्से तीस जणांना पुरतील एवढे! शिंदेने गेमसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं तो आठवडा तर विचारूच नका.

*

दुकानात कदमने पहिलाच प्रश्न टाकला, "हे लिनक्सवर नीट चालतं का?"

दुकानदार एकदम जोशात म्हणाला, "चालतं ना सर! लाइटपण लागते!"

कदमने कपाळाला हात लावला. मग त्याने स्वतःच मोबाईलवर शोधून, ज्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्समध्ये आधीपासूनच असतं असं कार्ड निवडून दिलं.

*

घरी अण्णा, म्हणजे शिंदेचे वडील. मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटमध्ये माथाडी होते. त्यांनी खोकं उघडून पाहिलं.

"वरचा पंखा म्हैनाभर बंद हाय, त्यो न्हाय सुचला! आन् ह्यो तीन पंखं घिऊन आला, ते बी डब्याच्या आत फिरणारं!"

मग निकाल लागला. "आठ दिवसांत गेम चालला न्हाय, तर दुकानात परत!"

दुकानदाराची परतीची मुदतही तेवढीच. शिंदेचा चेहरा एवढासा झाला. बिचारा वर्षभर या कार्डाची स्वप्नं बघत होता हो.

*

पहिल्याच दिवशी कार्ड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावेना! दिवसभर कंटेनरमध्ये इंच न् इंच माल बसवून घेणारा माणूस, आणि घरच्या डब्याचं माप घ्यायला विसरला. शेवटी हार्ड डिस्कचा पिंजरा काढला, तेव्हा ते आत गेलं.

"गोदामात कोणाला सांगू नका रे," शिंदे म्हणाला. आम्ही सांगितलं नाही, फक्त फोटो पाठवला.

*

मग गेम गोगलगायीसारखा चालायला लागला. कदमने दोन दिवस खपून लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल बदललं, ड्रायव्हर बदलला, शेवटी अख्खं लिनक्स नव्याने टाकलं. फरक शून्य!

शिंदेची बायको, सुवर्णावहिनी, टेबल पुसत होती. ती म्हणाली, "भावजी, नवा डबा खाली बसवलाय ना? मग टीव्हीची वायर वरच्या जुन्याच भोकात कशी?"

मॉनिटरची केबल नव्या कार्डाऐवजी अजून मदरबोर्डलाच होती. नवं कार्ड दोन दिवस नुसतं वारा घेत बसलं होतं! कदमने चष्मा काढून बराच वेळ पुसला.

*

केबल बदलली आणि सगळं सुसाट. पण शिंदेचा लाडका ऑनलाइन रेसिंगचा गेम आत घेईचना. कार्डात काही खोट नव्हती, गेमवाल्यांनी लिनक्सलाच दार बंद केलेलं.

"आधी गेम बघायचा, मग कार्ड. मीच विसरलो," कदम म्हणाला. मला खरंच वाईट वाटलं.

आठव्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पोचलो, तेव्हा शिंदेने रिकामं खोकं काढलं होतं. शिंदेने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि कॅबिनेट उघडायला वाकला.

तेवढ्यात अण्णा बाथरूममधून अर्ध्या दाढीनिशी धावत बाहेर आले.

"आरं, हात लावू नगंस त्याला! तू ड्युटीला गेल्यावर सूनबाईनं शेतीचा गेम लावून दिलाय. चार एकर ऊस उभा हाय माझा, तोडणी व्हायचीय अजून!"