पंखा हाताने फिरवताना

विमानाचं इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवावा लागतो, असं आमच्या मोहाडी गावात कुणाला सांगितलं तर लोक हसायचे. पण हवाई दलातल्या आमच्या डकोटा विमानाचं इंजिन तसंच होतं. महायुद्धाच्या काळातलं, गोल, चौदा सिलिंडरचं. बंद पडून राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरायचं. म्हणून आम्ही फिटर पंख्याचं एकेक पातं ओढून बघायचो. कुठे जड लागलं की थांबायचं. तिथे जोर दाखवला तर आतला दांडा वाकलाच समजा. ते जडपण तळहाताला कळायचं, आणि माझ्या तळहाताला सगळ्यांच्या आधी कळायचं. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

सत्तरच्या दशकात वडील गेले, भाऊ लहान होते, म्हणून हवाई दलाची नोकरी सोडून मी धानाच्या बांध्यांत उतरलो. दहा वर्षं झाली तरी जीव तिकडेच होता. वर काही घरघरलं की मी चिखलात तसाच उभा राहायचो. आवाज विरला की बायकोवर उगाच खेकसायचो.

मग एका वर्षी ऐन धानाच्या रोवणीत जुन्या सोबत्याचं पत्र आलं. तो अजून नोकरीत होता. त्यांची डकोटा आता कायमची सेवेतून निघणार होती आणि शेवटच्या उड्डाणात नागपूरला थांबणार होती. रोवणी सोडून कसा जाऊ, असं मी दोन दिवस कुरकुरत राहिलो.

"जा ना एकदाचे," बायको म्हणाली. "इथं राहून मलेच खाऊन राहिले. रोवणी मी पाहून घेतो."

नागपूरला सोबती विमानतळाच्या फाटकापर्यंत येऊन मला आत घेऊन गेला. इंजिनाजवळ तेलाचा तोच वास आला. या वासासाठी मी किती तडफडलो होतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

"तूच फिरव," तो म्हणाला. "तुह्याच हातानं होऊ दे आज."

मी पातं धरून ओढलं. मग दुसरं, तिसरं. काहीच कळेना. नांगर आणि कुदळ धरून तळहात इतके राठ झाले होते, की हाताला नुसतं पातं लागत होतं, आतलं काही नाही.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

विमानात माणसं बसणार होती.

"मले नाही समजून राहिलं," मी म्हणालो. "तूच पाह्य."

मला हलकेच बाजूला करून त्याने सगळी पाती पुन्हा पहिल्यापासून ओढली.