वायू मुरेपर्यंत

लोटे गावच्या कारखान्यात आमचे हे प्लॅस्टिकचा पातळपणा मोजत आणि मी आकडे लिहून घेई. बंद पोलादी नळीत वितळलेलं प्लॅस्टिक असे. त्यात दाबाने कार्बन डायऑक्साइड मुरवायचा. वायू जितका मुरेल तितकी आत सोडलेली गोळी लवकर तळाला जाई. ती पडेपर्यंत हे नळीच्या काचेच्या झरोक्याला डोळा लावून श्वास रोखून धरत.

त्या संध्याकाळी साहेबांना आकडा हवा होता. गोळी पडायला चाळीस, एकतीस, सव्वीस सेकंद आले. बाहेर कंपनीची बस भोंगा वाजवू लागली.

"सरासरी लिहू का?" मी विचारलं.

"अगं, आकडा उतरतोय अजून! वायू मुरू दे, बस जाऊ दे."

बस गेली. मग चोवीस, चोवीस, चोवीस! यांनी मला हाताला धरून गरागरा फिरवलं.

घरी ट्रकने गेलो. वाटभर हे ड्रायव्हरला चोवीसचा अर्थ समजावत होते. आम्ही उतरताना त्याने यांचं अभिनंदन केलं.