मधला सांधा

नोव्हाय गावातल्या शाळेच्या पार्किंगमध्ये मी आणि मृणाल नंदिनीताईची वाट बघत होतो. आत आमच्या चार वर्षांच्या ईराबद्दल मीटिंग होती. ‘मीच येते, तुम्ही दोघं नुसत्या माना डोलवाल,’ असं बजावून ताई पाच तासांवरच्या नेपरव्हिलहून पहाटे निघणार होती. तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. ताई रात्री झोपेतच वारली होती... आम्ही तसेच आत गेलो.

ताई माझी चुलत बहीण. फिनलंडमध्ये लहान मुलांचं बोलणं रेकॉर्ड करण्यात तिनं उमेदीची वर्षं घालवली. मूल एका वाक्याला दुसरं वाक्य जोडायला कसं शिकतं, एवढाच तिचा विषय. मागच्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली तेव्हा घर धास्तावलेलं होतं. ईरा तुटक बोलायची. घरी मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला, असं शाळेच्या स्पीच थेरपिस्टनं सुचवलं होतं. ऐकलं तर पोरीचं आजीशी बोलणंच संपणार, नाही ऐकलं आणि ती मागे पडली तर? मी ताईला ईराच्या शब्दांचे आकडे सांगायला लागलो.

‘हिशेबनीस, जरा गप्प बस.’

ईरा खिडकीशी उभी होती. ‘खूप बर्फ,’ ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही... ‘बाबा ऑफिस नाही.’

‘ही दोन वाक्यं नाहीत रे, एकच आहे,’ ताई म्हणाली. ‘मधला सांधा तेवढा यायचाय. फिनिश पोरंही आधी अशीच दोन वाक्यं शेजारी ठेवतात. मग एक दिवस मध्ये “कुन” येतं. त्यात “जेव्हा”ही आलं, “कारण”ही. हिचं “म्हणून” येईल. मराठीच काढून घेतलीत तर कुठून येणार?’

‘आणि नाहीच आलं तर?’ मृणालनं विचारलं.

‘तर मदत घ्या. मराठीसकट.’

मीटिंगमध्ये मला यातलं काही धड सांगता आलं नाही. मृणाल बोलली. थेरपी घेऊ, मराठी सोडणार नाही. चुकलो असलो तर किंमत ईरानं मोजायची होती.

ताईसाठी पाहुण्यांच्या खोलीत घातलेलं अंथरूण कित्येक आठवडे तसंच होतं. परवा ते काढायला गेलो. ईरा दारात आली.

‘आत्या कुठे?’

मला लांबलचक बोलवेना. ‘आत्या येणार होती. आत्याला बरं नव्हतं. आत्या आली नाही.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले, थांबले...

‘बरं नव्हतं म्हणून?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘म्हणून.’