टिपणिसांच्या घरचा जुना ब्राउझर

परातीतले मटार अर्धेच सोलून झाले होते. थंडीत दिल्लीला मटारचे ढीग लागले की नीलाताई पिशव्या भरभरून आणत आणि सोलायचं काम नवऱ्याच्या, श्यामकांतराव टिपणिसांच्या, गळ्यात पडे. त्या रविवारीही ते बाल्कनीत ऊन पाठीला घेऊन बसले होते. दाणे परातीत पडत होते, अधूनमधून तोंडातही जात होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या कुमुदताई वाळिंबे दारात येऊन उभ्या राहिल्या. रडून डोळे सुजलेले.

"भावजी, माझी मेलची पेटी उघडतच नाही हो! आणि सकाळपासून फोनवर फोन. फरीदाबादचे दीर विचारतात, 'वहिनी, तुमची मेल आली, लंडनला कशा अडकलात? पैसे कुठे पाठवू?' अहो, मी तर काल इथे भाजीबाजारात होते!"

श्यामकांतरावांच्या हातातली शेंग हातातच राहिली. कुमुदताईंची लेक मेलबर्नला होती. तिला नुकताच मुलगा झाला होता आणि नातवाचे जन्मापासूनचे सगळे फोटो त्या पेटीत होते. छापून घेऊ, छापून घेऊ म्हणत एकही छापलेला नव्हता. आणि ती पेटी श्यामकांतरावांनीच त्यांना उघडून दिली होती.

कुमुदताईंनाच काय, मयूर विहारच्या त्या सोसायटीत जेवढी मराठी घरं होती तेवढ्या सगळ्यांना. उभी हयात सरकारी कचेरीत नकाशे सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्यांना जणू दुसरी नोकरी लागली. पुण्याचं रिझर्वेशन, पोरांचे निकाल, लग्नासाठी पत्रिका जुळवणं, सगळं टिपणिसांकडे. आलेल्याला खुर्ची मिळे, नीलाताईंचा चहा मिळे, आणि काम झाल्याशिवाय कोणी उठत नसे.

हट्ट एकच, ब्राउझर बदलायचा नाही. ज्या ब्राउझरवर ते शिकले, त्याची सगळी बटणं त्यांना डोळे मिटून सापडत. 'नवीन व्हर्जन आलं आहे' अशी खिडकी वर आली की ते शांतपणे 'नंतर' दाबत. मुलगा पुष्कर गुडगावला आयटीत. तो भांडून भांडून थकला होता.

"नव्याने सुरक्षा वाढते म्हणे! म्हणजे कालपर्यंत असुरक्षित होतं हे ते आज कबूल करतात. आणि आजच्यात काय भोकं आहेत, ते पुढच्या वर्षी सांगतील. मग बदलायचं कशाला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. टिपणीस बदलत नाहीत म्हटल्यावर सोसायटीत कोणीच बदलत नसे.

रविवार म्हणून आज पुष्कर घरी आलेला होता. त्याने कुमुदताईंना जवळ बसवलं. "काकू, कोणी पासवर्ड विचारला होता का?"

"कोणी नाही रे. परवा इथेच तुझ्या बाबांच्या मशीनवर एक पत्र आलं, पेटी भरली आहे, पासवर्ड टाका नाहीतर बंद होईल. बाबा आत देवपूजेला बसले होते. म्हटलं, एवढ्यासाठी त्यांना कशाला उठवायचं? टाकला."

ते पान वडिलांच्या मशीनवर अजून उघडंच होतं. पुष्करने त्याचा पत्ता स्वतःच्या लॅपटॉपवर टाकला. वडिलांच्या पडद्यावर ते पान साळसूद, अगदी खऱ्यासारखं. लॅपटॉपवरच्या नव्या ब्राउझरमध्ये मात्र सगळा पडदा लालभडक झाला. हे पान फसवं आहे, पुढे जाऊ नका.

श्यामकांतराव दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"म्हणजे मी 'नंतर' दाबलं नसतं, तर..."

"बाबा, यार, आता त्यात पडू नका," पुष्कर म्हणाला. "तुमचंही अगदी चूक नाही. नव्यातही भोकं असतात. पण जुन्यातली भोकं चोरांना पाठ झालेली असतात, आणि ती बुजवायला कोणी येत नाही. काकू, पासवर्ड काय होता?"

कुमुदताईंनी नमस्काराला हात जोडले. "शांतादुर्गा."

"कुलदैवत," श्यामकांतराव म्हणाले. "सगळ्यांचे कुलदैवतच ठेवलेत मी. रोज सकाळी मुखी येतं. माणूस बाकी सगळं विसरेल, ते नाही विसरत."

"सगळ्यांचे?" पुष्कर ताडकन उभा राहिला. "बाबा, लग्नपत्रिकेवर सगळ्यात वर काय छापतात? श्री अमुक प्रसन्न! आणि चोर शिरलाय त्या काकूंच्या पेटीत अशा पत्रिका पडल्या असतील की नाही?"

"पडल्यात ना," कुमुदताई म्हणाल्या. "सगळ्यांच्या घरच्या आहेत. आपल्या मराठी मंडळात सगळे मेलवरच पाठवतात आता."

स्वयंपाकघरातून नीलाताई बाहेर आल्या. "छान! देवीला दारावर पहाऱ्याला उभी केलीत, आणि वर तिचं नाव गावभर छापलंत! तिला दुसरी कामं नाहीत का?"

देवघराकडे बघून श्यामकांतरावांनी क्षणभर मान खाली घातली, आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. पेटी हरवली तर परत मिळवायला एक खूणप्रश्न असतो, तो त्यांनी काढला. कुमुदताईंच्या लहानपणच्या पाळीव प्राण्याचं नाव.

कुमुदताई लाजल्या. "अय्या, हे मी सांगितलं होतं होय? ढमी. आमची मांजर. फार खादाड होती."

श्यामकांतरावांनी एकेका बोटाने अक्षरं दाबली. चोराला ढमी ठाऊक नव्हती. पेटी उघडली, आणि सगळ्यात आधी कुमुदताईंनी फोटो उघडायला लावले. दुपट्यात गुंडाळलेलं, मुठी आवळलेलं, झोपेत तोंड वेडावणारं बाळ. एकही गेला नव्हता.

"हुबेहूब ह्यांचं नाक आहे बघा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या. नीलाताईंनी चहा टाकला.

श्यामकांतरावांनी त्यांच्याकडून नवा पासवर्ड टाकून घेतला. त्या टाकत असताना स्वतः मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. मग सगळ्या ओळखीच्यांना कळवलं, वाळिंबेबाई दिल्लीतच सुखरूप आहेत. शेवटी ती नव्या व्हर्जनची खिडकी त्यांनी स्वतः शोधून काढली आणि 'हो' दाबलं. निळी पट्टी हळूहळू सरकू लागली.

"बटणं जागेवर राहतील ना रे?" त्यांनी विचारलं.

"नाही राहणार," पुष्कर म्हणाला. "मी दाखवीन."

"तू दाखवशील ते ठीक आहे. पण बाकीच्या घरांत माझ्या शब्दावर जुनंच चाललंय, पासवर्डही मीच दिलेले. चूक झाली म्हणून सांगायला मलाच जायला हवं."

"फोन करा की, बाबा."

"पासवर्डचं फोनवर नको. आणि इंदुमतीबाईंना नीट ऐकू येत नाही, ओरडून सांगावं लागेल, पलीकडे उभ्या असलेल्या शेजाऱ्यालासुद्धा कळेल."

त्यांनी स्वेटर चढवला, मफलर गुंडाळला आणि चपला पायात सरकवल्या. पहिल्यांदा पलीकडच्या ब्लॉकमध्ये जायचं होतं, इंदुमती रानड्यांचा पासवर्ड बदलायला.