घुबडासमोर ओ दिली

भंडाऱ्याहून निघाले त्या संध्याकाळी बॅगा टॅक्सीत चढल्या होत्या, हातावर दही-साखर पडली होती, आणि समोरच्या चिंचेवर घुबड बोललं. झालं! आईनं हाताला धरून मला खाली उतरवलं, पायरीवर बसवलं. "नाव नोको घेऊ त्याचं. पाणी पी. अन् कोणी हाक मारली तरी ओ देऊ नोको, बाप्पा, ते नाव धरून ठेवते." विमान चुकेल म्हणून बाबा ओरडत होते. मी तोंडातून शब्द काढला नाही. विमान मिळालं, आणि ते आपल्यामुळेच मिळालं असं आई आजही सांगते.

मग अमेरिकेतलं नोव्हाय. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी डिपेंडंट व्हिसावर घरी. मैत्रिणींनो, तुम्हाला ठाऊक आहे, शाळेत विज्ञान शिकवताना माझ्या एका शब्दावर अख्खा वर्ग गप्प व्हायचा. इथं दुकानात काही विचारलं की 'सॉरी?' असं परत यायचं, आणि लेक म्हणायची, "मॉम, लेट डॅड टॉक." जीव जळायचा, खोटं कशाला सांगू!

पहिल्या हिवाळ्यात खिडकीशी बसून बर्फावरचे लालभडक कार्डिनल पक्षी बघायला लागले. ते पाहून शेजारच्या कॅरलनं मला दुर्बीण दिली आणि तिच्या बर्ड काउंटच्या ग्रुपमध्ये ओढलं. डिसेंबरात एक दिवस ठरवून आपापल्या भागातले पक्षी मोजायचे, संध्याकाळी याद्या जुळवायच्या. दोन वर्षं बाकीचे सांगायचे आणि मी लिहायचे. यंदा फ्रीवेपलीकडचं माळरान कॅरलनं माझ्या एकटीवर सोपवलं. माझा शब्द यादीत जाणार होता!

तीन तास थंडीत उभी होते. बदकं मोजली, एक ससाणा मोजला. मग दिव्याच्या खांबावर पांढरं काहीतरी दिसलं. त्याची मान वळली आणि पिवळे डोळे थेट माझ्यावर आले. घुबड! तेवढ्यात मला घ्यायला आलेल्या कॅरलनं रस्त्यावरून हाक मारली, "वैशाली!" त्याच्या देखत, माझं नाव! तिनं तीनदा हाक मारली. मी ओ दिली नाही. गुपचूप गाडीत जाऊन बसले, यादीतही काही लिहिलं नाही. विज्ञानाची बाई मी, आता काय म्हणावं!

चार वाजता लायब्ररीच्या हॉलमध्ये सूप पीत याद्या जुळवल्या. "यंदाही पांढरं घुबड नाहीच," ग्रुपचे म्हातारे प्रमुख बिल हळहळले. मी त्यांना मनात बिलकाका म्हणते. चार हिवाळे ते त्याची वाट बघत होते. आता गप्प बसले तर जन्मभर दुसऱ्यांचंच लिहीत बसेन, असं वाटलं.

"मी बघितलं," मी म्हणाले.

"प्लास्टिकची पिशवी असेल. खांबांना अडकतात," ते मायेनं म्हणाले. त्या मायेचाच मला राग आला.

"पिशवीला डोळे नसतात! अंगावर काळ्या रेघा होत्या, पायाच्या बोटांपर्यंत पिसं होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

सांगितलं मग. चिंच, आई, ओ, सगळं. वाटलं, आता हसतील. कॅरल कोट चढवत उठली. "तरीच तू बोलत नव्हतीस! चला, उजेड आहे तोवर."

पाच गाड्या निघाल्या. वाटभर मी एकच घोकत होते, उडून गेलेलं नसू दे. आणि महाराज त्याच खांबावर! बिलकाकांनी टोपी काढली, डोळे पुसले, मग माझ्याकडे हात पसरला. "पेन इकडे दे. तू सांग, मी लिहितो."

मागून कॅरलनं हाक मारली, "वैशाली!"

"ओ!" अशी खणखणीत ओ दिली की सगळे दचकले. घुबड मात्र ढिम्म.

भंडाऱ्यात उजाडल्यावर आईला फोन करून घुबड दिसल्याचं सांगितलं. "नाव घेतलंस त्याचं?" ती धसकलीच.

"घेतलं. आणि ओ पण दिली."

मग हळूच म्हणाली, "मोठं होतं काय गं?"

भंडारा माझं घर आहेच, ते कुठं जात नाही. पण मला हाक मारणारी माणसं आता इथंही आहेत, आणि मी ओ देते.