मी दुरुस्त केलेला गिअरबॉक्स

आमच्या मोटारीचा गिअरबॉक्स मी स्वतःच्या हातांनी उघडला, तेव्हा त्या मोटारीत धड चालणारी एकच गोष्ट होती. ती म्हणजे गिअरबॉक्स.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाडी जुनी, बाबांनी एका डॉक्टरांकडून घेतलेली. हॅण्डब्रेक नावापुरता. म्हणून गाडी थांबली की चाकामागे अटकाव लावायचा आणि निघताना तो आठवणीनं डिकीत टाकायचा, असा बाबांचा दंडक होता. आधी त्यासाठी लाकडाचा ठोकळा होता. तो आईनं एकदा बंबात घातला आणि भरपाई म्हणून आपल्या फुटक्या जात्याचा अर्धा तुकडा दिला. मी दंडक कधी मोडला नाही. (आयुष्यात इतकं नियमानं मी दुसरं काही केलेलं नाही.)

त्याच सुमारास गिअर बदलला की गाडी वाजायला लागली. पहिल्यातून दुसऱ्यात, धाड! दुसऱ्यातून तिसऱ्यात, धाड! क्लच सोडताना माझ्याकडून गाडी जराशी उसळायची. "पोती नाही, माणसं बसली हायेत मागं," असं बायको म्हणायची. पण तो विषय मला वेगळा वाटत होता.

"आवाज तं मागून येऊन राहिला गा," बाबा म्हणाले.

"बाबा, गिअर समोर हाय. मागून येते तो प्रतिध्वनी."

मी बी.एस्सी. होतो. 

बाबांनी वाद घातला नाही, अट घातली. माझी बहीण कुसुम नरखेडला दिलेली. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं आणि मी तिला पत्रातून शब्द देऊन बसलो होतो की, ताई, तुला घरच्या मोटारीनं आणीन. बाबा म्हणाले, "आवाज बंद झाला तं मोटार. नाही तं एसटी."

रविवारी मी अंगणात गाडीखाली शिरलो. अनुभव म्हणाल, तर काकांच्या संत्र्याच्या बागेतला पंप मी एकदा उघडला होता. (काकांनी नंतर नवा घेतला.) गिअरबॉक्सचे सगळे तुकडे मी आईच्या परातीत काढले, रॉकेलनं धुतले, पुन्हा बसवले. थोडे नट उरले.

"हे कुठले रे?" आईनं विचारलं.

"जास्तीचे."

"जास्तीचे देतात काय वं हे लोक?" आई माझ्या बायकोकडे वळून म्हणाली. 

लगेच चाचणी. परत तिथंच यायचं, म्हणून जात्याचा तुकडा अंगणातच राहू दिला. गल्लीला फेरी मारली. पहिला, दुसरा, तिसरा. चिडीचूप! बाबा शेजारी बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. माझी छाती अशी फुगली की स्टिअरिंगला टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडा आठवणीनं डिकीत टाकला आणि एकटाच नरखेडला निघालो. कोपऱ्यावर गिअर बदलला. धाड!

परत फिरलो असतो तर कुसुमची एसटी पक्की. मी पुढंच गेलो, आणि धाड धाड करत व्याह्यांच्या अंगणात शिरलो. तिथं उतार होता. चाकामागे तुकडा लावला. कुसुमचे सासरे ओट्यावरच उभे होते.

"वसंतराव, राग मानू नका जी," ते म्हणाले. "पण ह्या गाडीत मी सुनेले नाही पाठवत. एक तं दिवस भरत आलेले, त्यात हा बॉम्ब."

दारात कुसुम पिशवी घेऊन तयार होती. तिचा चेहरा पडला.  मी पान्हा घेऊन गाडीखाली गेलो आणि काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून जिथं तिथं ठोकलं.

"आता बसा," म्हटलं. व्याह्यांना घेऊन, तुकडा तिथंच ठेवून, गावाला फेरी मारली. चिडीचूप!

"गुण हाय बुवा तुमच्या हाताले," व्याही म्हणाले. मीही आपल्या हाताकडे पाहिलं.

मग ओटी भरणं, संत्र्यांच्या टोपल्या, विहिणीच्या सूचना या गडबडीत मी आयुष्यात प्रथमच दंडक मोडला. तुकडा व्याह्यांच्या अंगणातच राहिला. कुसुम वाटभर झोपून आली.

घरी आल्यावर चाकाला गेटाजवळची वीट लावली; ती गेटाजवळच राहायची. गाडी पुढं महिना-दीड महिना चकार शब्द बोलली नाही. गल्लीत माझा दबदबा वाढला. लोक आपल्या स्कूटरी दाखवायला आणू लागले. मी डोळे मिटून ऐकायचो आणि म्हणायचो, "ठोकावं लागते."

कुसुमला मुलगा झाला. बारशाला व्याही एसटीनं आले. मी आणि बाबा त्यांना घ्यायला गेलो. त्यांच्या हातात पोत्यात बांधलेलं काहीतरी जड होतं.

"तुमचं जातं आमच्याकडं राहिलं होतं जी. घरची वस्तू, फेकून कशी देऊ?"

मी आभार मानले, तुकडा आठवणीनं डिकीत टाकला आणि निघालो. दुसरा गिअर घातला. धाड!

"गाडीले पुन्हा झालं वाटते," व्याही काळजीनं म्हणाले.

बाबा म्हणाले, "थांबव." ते उतरले, डिकी उघडली, तुकडा काढला आणि मांडीवर घेऊन बसले. "चल आता."

पहिला, दुसरा, तिसरा. गाडीत चिडीचूप, माणसंही चिडीचूप. नातवाला घेऊन बसावं तसा तो दगड बाबांनी घरापर्यंत मांडीवर धरला. उतरताना एवढंच म्हणाले, "प्रतिध्वनी बंद झाला गा."

तेव्हापासून घरात काही वाजलं, पंखा म्हणा की पाण्याची मोटर, तर बायको आधी मला अंगणात उभं करते आणि मग पुन्हा ऐकते. खरं सांगतो, बऱ्याचदा आवाज थांबलेला असतो.