आवाज नसलेल्या खेळाला शून्य

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी फार वेळा सांगतो असं बायको म्हणते, पण आता लिहायलाच बसलोय तर पुन्हा सांगून टाकतो. मूळ घर पेडण्यात. बाबा खाणीवर लागले म्हणून आम्ही डिचोलीत आलो आणि इथलेच झालो. मी साखळीला एका शाळेच्या कचेरीत नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की जनेलाजवळच्या, खिडकीपाशीच्या मेजावर कॉम्प्युटर उघडून माझं दुसरं काम करतो. त्याला पगार नाही.

जगात आजवर जेवढे व्हिडिओ गेम निघाले, त्या सगळ्यांची एक नोंदवही इंटरनेटवर आहे. हौशी लोकांनी भरलेली. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर खेळायचो तो एक गेम शोधला. त्याचं नावसुद्धा मला धड माहीत नव्हतं. नदीवरून उड्या मारत जाणारा माणूस, एवढंच आठवत होतं. तो सापडला. खाली तो बनवणाऱ्या सगळ्यांची नावं होती आणि त्यात एक नाव फक्त ढग काढणाऱ्या माणसाचं होतं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आमच्या गावच्या पुलाच्या कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे, दगड घडवणाऱ्याचं नाही. आणि इथे कुणीतरी, कुठेतरी बसून, ढगांचीही नोंद ठेवली होती.

तेव्हापासून मी त्या वहीत भर घालू लागलो. मुख्य काम गुण देण्याचं. प्रत्येक गेमला पाच रकाने: कथा, चित्रं, संगीत, बोलण्याचा अभिनय, हाताळणी. शून्य ते पाच गुण, मग सरासरी. सहा वर्षांत शेकडो गेमना गुण दिले. पुढे नव्या लोकांच्या नोंदी तपासायचं कामही माझ्याकडे आलं. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी गणपतीची चवथ झाल्यावर वही सांभाळणाऱ्या बाईंचं पत्र आलं. त्या कुठल्याशा थंड देशातल्या, निवृत्त ग्रंथपाल. एका माणसाने एकट्याने बनवलेला छोटासा कोड्यांचा गेम होता, शेतात पाट वळवून पाणी न्यायचं. खेळणाऱ्या सगळ्यांना आवडलेला, पण सरासरी खाली गेलेली. बनवणाऱ्याने चर्चेच्या पानावर विचारलं होतं की माझ्या गेममध्ये कुणी बोलतच नाही, तर बोलणं वाईट कसं ठरलं. बाईंनी शोध घेतला. अभिनयाच्या रकान्यातली बहुतेक शून्यं माझी होती, आणि उरलेली मी शिकवलेल्या लोकांची.

त्यांनी रागावून लिहिलं नव्हतं. नियम मुळातच मोघम होता, चूक आमचीही आहे, म्हणाल्या. तुम्हीच तो स्पष्ट लिहा, नव्या माणसाला पहिल्या वाचनात कळेल असा. मग जुने गुण त्या नियमात बसवू. जे बसणार नाहीत ते काढून टाकू.

सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आली. पहिला आला तो राग. मी रकाने रिकामे सोडत नव्हतो याला कारण होतं. कॉलेजात असल्यापासून मी आमच्या देवळातल्या भजन स्पर्धेत गुणांची बेरीज करायला बसतो. एका वर्षी परीक्षकाने एक चौकोन रिकामा सोडला. नंतर त्यात कुणीतरी आकडा भरला, निकाल फिरला, आणि दोन वाड्यांतली माणसं दोन वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. तेव्हापासून समितीचा नियम: एकही चौकोन मोकळा राहता कामा नये. पथकात पखवाज नसेल तर पखवाजाला शून्य, पण आकडा पाहिजे. मी तोच शिस्तशीर हात घेऊन जगाच्या वहीत गेलो होतो.

नियम लिहायला बसलो. कॉलेज शिकलेला माणूस, दोन पानं लिहिली. कलमं, पोटकलमं, अपवाद. बाईंनी परत पाठवलं. तीनदा वाचलं आणि अजून खात्री वाटत नाही, एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा सोप्यावर बसून चहात उंडो बुडवून खात होते. बाबा चौथी शिकलेले. मी जाऊन तक्रार सांगावी तशी सगळी हकिगत सांगितली. गेम म्हणजे काय तेही सांगावं लागलं. त्यांनी पाव संपवला आणि विचारलं, "ह्या खेळात बोलता कोण?"

"कोणी नाही."

"मगे शून्य कोणाक दिलंस?"

 मग त्यांनी खाणीवरचं सांगितलं. ते नमुने घ्यायचे हे मला माहीत होतं, पण त्यात काही अक्कल लागते असं मी कधी धरलंच नव्हतं. खनिजाचा ढीग बार्जमध्ये भरून मुरगाव बंदराला जायच्या आधी त्यातून नमुना काढायचा. वरून घ्यायचा नाही, कारण मोठे दगड घरंगळून खाली जातात आणि वर नुसता भुगा उरतो. सगळ्या बाजूंनी घ्यायचा, पिशव्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, तपासायला धाडायच्या. कागद परत यायचा: लोखंड किती, रेती किती, पाणी किती. एकदा एक पिशवी वाटेत हरवली. नव्या कारकुनाने त्या पिशवीच्या ओळीत शून्य लिहिलं. अख्ख्या ढिगाची सरासरी कोसळली, चांगला माल वाईट ठरला आणि मुरगावला बोट खोळंबली. बाबांनी तो कागद पाहून त्याला विचारलं होतं की पिशवी पोचलीच नाही तर तिच्यात लोखंड नाही हे तू कसं ठरवलंस.

कप खाली ठेवत ते म्हणाले, "एक आसता, पण वायट. एक नसताच. आणि एक आपण बघूकच नाय. ही तीन येगळी."

 पस्तीस वर्षं हा माणूस लाल धुळीने भरलेला घरी येत होता आणि मी त्याला आंघोळीचं पाणी काढून देत होतो. माझ्या दोन पानांत जे बसलं नव्हतं ते त्याच्या डोक्यात कधीचं लखलखीत पडून होतं. आणि त्याला ते विशेष वाटतही नव्हतं. दुसरा उंडो आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी तीनच वाक्यं लिहून पाठवली. रकान्यातली गोष्ट गेममध्ये आहे पण अगदी वाईट आहे, तर शून्य द्या. ती गेममध्ये नाहीच, तर 'लागू नाही' निवडा. ती आहे पण तुम्ही पाहिली किंवा ऐकली नाही, तर रकाना मोकळा ठेवा. बाईंनी त्याच दिवशी ती पानाच्या माथ्यावर लावली. हळूहळू लोकांचे आपापले गुण दुरुस्त केल्याचे निरोप यायला लागले, नकाशात शोधावी लागतील अशा गावांतून. बाबांनी चहा पिताना सांगितलेली गोष्ट ती माणसं पाळत होती.

मग मी माझे स्वतःचे गुण त्या नियमात बसवायला घेतले. बोलण्याच्या रकान्यातली शून्यं सोपी होती. गेममध्ये कुणी बोलतं की नाही हे वहीतच लिहिलेलं असतं. अडलो संगीतापाशी.

बाबा दुपारी निजतात, म्हणून मी आवाज बंद करून खेळायचो. पण चौकोन मोकळा ठेवायचा नाही ना. मग संगीताला दोन. कधी तीन. न ऐकता. कुठल्या गेमला ऐकून दिले आणि कुठल्याला अंदाजाने, ते आता आठवत नव्हतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी फक्त शून्यं पाहिली होती.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "संगीताचे सगळे गुण काढणार? थोडे ठेवा की. कोणाक कळतलां?"

खरंच कळलं नसतं. दोन दिवस मीही तेच म्हणत होतो. पण नियम मी लिहिला होता. बाईंना सगळं जसंच्या तसं लिहून कळवलं. त्यांनी विचारलं, नक्की ना, काढले की परत येत नाहीत. मी हो म्हटलं. सहा वर्षं एका दुपारी गेली. जगभरच्या पानांवर सरासऱ्या थोड्या थोड्या हलल्या, काही वर, काही खाली. मी एकेक पान उघडून बघत होतो. माझे इतके छोटे आकडे इतक्या लांब जाऊन बसले होते.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मगे आता आयकतलंस?"

डिचोलीच्या बाजारातून कानात घालायचे हेडफोन आणले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिलाच गेम, एका जुन्या दीपस्तंभाचा. खेळणारा सहसा जिथे जात नाही अशा एका कोपऱ्यातल्या खोलीत मी शिरलो, तर तिथे कुणीतरी बासरी वाजवून ठेवली होती. अगदी हलकी, मिनिटभराची, मग पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षांपूर्वी मी तिला दोन दिले होते. हातातलं काम सोडून मी त्या खोलीत बराच वेळ उभा राहिलो.